विश्लेषण : जॉर्डनचे दोन शब्दांचे पत्रक आणि वीरधवलची रजा… वेळेआधी थांबलेले खेळाडू परत कसे येतात?

१८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या कार्यालयांत एक पत्रक येऊन धडकले. इंग्रजीत त्यात अवघे दोन शब्द होते : ‘मी परतलोय’. मायकेल जॉर्डन बास्केटबॉलमध्ये परतला होता. जगातील सर्वांत गाजलेले पुनरागमन म्हणून ते पत्रक आजही समाजमाध्यमांवर फिरते.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेच्या बाबतीत असे पत्रक कधी निघाले नाही. तो थांबला तेव्हाही नाही आणि परतला तेव्हाही नाही. मधल्या काळात हा ऑलिम्पिक जलतरणपटू महाराष्ट्र शासनाचा तहसीलदार होता. आपल्याकडे चांगल्या खेळाडूची कारकीर्द बहुतेक वेळा अशीच संपते. निवृत्ती जाहीर होत नाही, फक्त सराव बंद होतो. वसई-विरारच्या मैदानांवर ‘मीपण खेळायचो, बारावीपर्यंत’ हे वाक्य ज्यांनी ऐकले किंवा म्हटले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण शिखरावर असताना किंवा शिखराच्या अलीकडे थांबलेला खेळाडू काही वर्षांनी परत येऊ शकतो का? आला तर त्याला नेमके काय काय जमवावे लागते?

जॉर्डन थांबला का होता?

६ ऑक्टोबर १९९३ रोजी जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो अवघ्या ३० वर्षांचा होता. शिकागो बुल्सने १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली होती. सिद्ध करायला काही उरलेले नाही, असे तो म्हणाला. मात्र त्याआधी जुलैमध्ये त्याचे वडील जेम्स जॉर्डन यांची हत्या झाली होती. मुलाने बेसबॉल खेळावे ही वडिलांची जुनी इच्छा. १९९४ मध्ये तो खरोखरच बेसबॉलकडे वळला आणि शिकागो व्हाइट सॉक्सच्या दुय्यम संघातून, बर्मिंगहॅम बॅरन्सकडून, १२७ सामने खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी होती .२०२. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर संघात जागा टिकणे कठीण.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बुल्स आणि व्हाइट सॉक्स या दोन्ही संघांची सूत्रे जेरी रेन्सडॉर्फ यांच्याच हाती होती आणि बेसबॉल खेळत असतानाही जॉर्डनचे बास्केटबॉलचे मानधन त्यांनी सुरू ठेवले, असे तेव्हापासून सांगितले जाते. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध ‘निवृत्त’ खेळाडू एका अर्थाने भरपगारी रजेवर होता. पुढे वीरधवलचा विषय येईल तेव्हा ही तुलना कामाला येईल.

ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप सुरू झाला. तो लांबला आणि मार्चमध्ये जॉर्डनने बेसबॉलला रामराम ठोकला. पाठोपाठ ते दोन शब्द आले.

परतल्या परतल्या तो पूर्वीसारखाच खेळला का?

नाही. पुनरागमनाच्या गोष्टी सांगताना नेमका हाच भाग गाळला जातो. १९ मार्चच्या पहिल्या सामन्यात, इंडियाना पेसर्सविरुद्ध, जॉर्डनने २८ प्रयत्नांत फक्त ७ वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकला. त्याचे १९ गुण झाले आणि सामना बुल्सने अतिरिक्त वेळेत गमावला. पाचव्याच सामन्यात, २८ मार्चला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ५५ गुण कुटले. शेवटच्या क्षणी सगळे बचावपटू त्याच्याकडे धावले तेव्हा त्याने चेंडू बिल वेनिंग्टनकडे सरकवला आणि बुल्स ११३-१११ असे जिंकले. चाहत्यांना वाटले, झाले, जुना जॉर्डन आला.

तो आला नव्हता. बाद फेरीत ऑरलँडो मॅजिकविरुद्धच्या पहिल्या लढतीत, सामना हातात असताना, निक अँडरसनने मागून येऊन त्याच्याकडचा चेंडू काढून घेतला. परतल्यानंतर जॉर्डन ४५ क्रमांकाची जर्सी घालत होता. ४५ क्रमांकाचा जॉर्डन म्हणजे २३ क्रमांकाचा जॉर्डन नव्हे, अशा आशयाचे अँडरसन बोलला. पुढच्या सामन्यात जॉर्डन पुन्हा २३ क्रमांक घालून उतरला, त्याबद्दल संघाला दंडही झाला. पण मालिका ऑरलँडोनेच जिंकली.

खरे पुनरागमन त्यानंतरच्या उन्हाळ्यात घडले, तेही एका स्टुडिओच्या आवारात. ‘स्पेस जॅम’ चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी जॉर्डन लॉस एंजेलिसमध्ये होता. निर्मात्यांनी त्याच्यासाठी तिथेच बास्केटबॉलचे कोर्ट उभारून दिले. दिवसा चित्रीकरण आणि संध्याकाळी एनबीएतील इतर खेळाडूंना बोलावून सामने. पुढच्या मोसमात बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि १९९६, १९९७, १९९८ अशी आणखी तीन विजेतेपदे आली.

मधल्या काळात शरीर काय विसरते?

जॉर्डनच्या अडचणीचे कारण अगदी साधे होते. तो दीड वर्ष आळसात बसून नव्हता. रोज व्यायाम करत होता, पण तो बेसबॉलचा. त्याचे खांदे आणि दंड भरले होते. बास्केटबॉलला लागणारे पाय, उडी मारून लगेच दुसरी उडी घेण्याची ताकद आणि चाळीस मिनिटे पुढे-मागे धावण्याचा दम मात्र गेला होता. ‘फिट’ असणे आणि एखाद्या खेळासाठी तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सराव थांबला की सगळ्यांत आधी दम जातो. पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलते आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता उतरू लागते. ताकद त्यामानाने सावकाश कमी होते. परतताना मात्र एक गोष्ट खेळाडूच्या बाजूने असते. ओस्लो विद्यापीठातील क्रिस्टियन गुंडरसेन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की व्यायामाने स्नायूपेशींत वाढलेली केंद्रके नंतर स्नायू बारीक झाले तरी टिकून राहतात. माणसांत हे कितपत घडते यावर वाद आहे. पण पूर्वी कसून सराव केलेल्या माणसाची ताकद नवख्यापेक्षा लवकर परत येते, हा अनुभव कुठलाही व्यायामशाळेतला प्रशिक्षक सांगेल.

सांधे आणि अस्थिबंध यांना ही सवलत नाही. स्नायू लवकर तयार होतात, त्यांच्या जोरावर माणूस जोरात धावतो आणि तयार नसलेला गुडघा दगा देतो. परतणाऱ्यांच्या दुखापतींची गोष्ट बऱ्याचदा एवढीच असते.

मग गुडघ्यांनीच निवृत्त केलेल्या लॉरेन जॅक्सनचे काय?

ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन ही महिला बास्केटबॉलमधील सर्वकालीन मोठ्या खेळाडूंपैकी एक. अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमध्ये तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू, ऑलिम्पिकमध्ये तीन रौप्य आणि एक कांस्य. गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियांना कंटाळून २०१६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, तिने खेळ सोडला. दोन मुले झाली. २०२२ मध्ये ती आपल्या गावच्या, ऑल्बरी-वडोंगाच्या, संघाकडून निमव्यावसायिक लीगमध्ये खेळू लागली आणि त्याच वर्षी सिडनीतील विश्वचषकासाठी राष्ट्रीय संघात आली. कांस्यपदकाच्या लढतीत कॅनडाविरुद्ध ४१ वर्षांच्या जॅक्सनने ३० गुण केले. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने पाचवे ऑलिम्पिक पदक घेतले.

प्रत्येकाच्या नशिबी हे नसते. ऑस्ट्रेलियाचाच जलतरणपटू इयान थॉर्प पाच ऑलिम्पिक सुवर्णपदकांनंतर २००६ मध्ये २४ व्या वर्षी निवृत्त झाला. २०११ मध्ये त्याने परतण्याची घोषणा केली, पण २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठीच्या निवड चाचणीतच तो मागे पडला. बास्केटबॉलमध्ये अनुभवी खेळाडू कमी धावून, योग्य जागी उभा राहून भागवू शकतो. संघ त्याला सांभाळून घेतो. जलतरणात घड्याळ कोणालाच सांभाळून घेत नाही.

आज ठरवले आणि उद्या परतलो, असे चालते का?

एनबीएच्या जॉर्डनला ते चालले. ऑलिम्पिक खेळांत चालत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार, चाचणीसाठी नोंदणीकृत गटात असलेल्या खेळाडूने निवृत्ती जाहीर केली आणि नंतर त्याला परतायचे असेल, तर स्पर्धेत उतरण्याआधी सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी लागते आणि त्या काळात चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. निवृत्तीच्या आडून कोणी औषधे घेऊन तगडे होऊन येऊ नये, हा हेतू. म्हणूनच अनेक खेळाडू ‘निवृत्ती’ हा शब्द वापरण्याचे टाळतात, ‘विश्रांती’ म्हणतात.

वीरधवलला कोणी थांबवले?

आता आपल्या माणसाकडे. २९ ऑगस्ट १९९१ चा जन्म. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये वीरधवल उतरला तेव्हा सतरा पूर्ण व्हायलाही काही दिवस बाकी होते. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तो आपल्या हीटमध्ये पहिला आला. एकूण वेळेच्या क्रमवारीत मात्र उपांत्य फेरीइतका वर नव्हता. बंगळूरुला निहार अमीन यांच्याकडे तो सराव करत होता. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकले. आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात पदक मिळाले ते तब्बल २४ वर्षांनी. त्याआधी १९८६ मध्ये सोलला खजान सिंग यांनी रौप्य घेतले होते. वीरधवल तेव्हा १९ वर्षांचा होता. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कारही मिळाला.

शासनाने त्याच्या कामगिरीची दखल घेतली आणि त्याला तहसीलदारपद दिले. बक्षीस मोठेच होते. पण तहसीलदाराचा दिवस कसा असतो हे तहसील कार्यालयात एकदा जरी खेटा घातला असेल तर कळेल. फेरफारांची अपिले, दाखले, महसूल वसुली, वाळूच्या गाड्या, पूर आला की पंचनामे, निवडणूक आली की रात्रीचा दिवस आणि कार्यकारी दंडाधिकारी म्हणून कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी. ५० मीटर अंतराच्या जलतरणपटूचा दिवस पहाटे तलावात सुरू होतो, दुपारी झोप आणि आहार, संध्याकाळी पुन्हा तलाव. त्यासाठी ५० मीटर लांबीचा तलाव जवळ हवा. ही दोन वेळापत्रके एका माणसाच्या अंगावर चढत नाहीत. ऐन विशीतली, वेगवान जलतरणपटूची सर्वांत किमती वर्षे अशी गेली. २०१२ चे लंडन ऑलिम्पिक त्याच्याविना झाले आणि नोकरीमुळे २०१४ ची इंचिऑन आशियाई स्पर्धाही हुकली.

यात कोणी खलनायक नाही, हे मुद्दाम नमूद करायला हवे. जलतरणपटूला आपल्याकडे लीग नाही, लिलाव नाही. पंचविशीनंतर पोट कशावर भरायचे याचे उत्तर नोकरी हेच आहे आणि राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी कोणीही नाकारणार नाही. गंमत एवढीच, की खेळाबद्दल दिलेल्या बक्षिसानेच खेळ थांबला.

आणि मग जकार्ता

वीरधवल हळूहळू तलावात परतला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये त्याने २२.४३ सेकंद वेळ दिली आणि २००९ मध्ये स्वतःच केलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. मधली सगळी वर्षे जमेस धरा. किशोरवयातल्या आपल्याच वेळेपेक्षा नोकरदार माणूस वेगाने पोहला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी अंतिम फेरीत त्याला २२.४७ सेकंद लागले. तिसऱ्या आलेल्या जपानच्या शुनिची नाकाओला २२.४६. फरक एक शतांश सेकंदाचा.

अभियांत्रिकीची सवय जात नाही म्हणून आकडेमोड करून पाहिली. ५० मीटर २२.४७ सेकंदांत, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर. एक शतांश सेकंदात अंतर पडते सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. बोटाचे एक पेर. टचपॅडला हात लावताना मनगट थोडे आधी सरळ झाले असते तरी पदक होते. आणखी एक बोचरी गोष्ट म्हणजे सकाळची स्वतःची वेळ त्याने संध्याकाळी पुन्हा दिली असती, तर कांस्य त्याचेच होते.

हे पेरभर अंतर गेलेल्या वर्षांत हरवले, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे सिद्ध करता येणार नाही. एखाद्या शर्यतीत शतांश सेकंद कशानेही जातो.

पुढचे ध्येय टोक्यो ऑलिम्पिकचे होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तलाव बंद झाले. इतर खेळांची मैदाने उघडू लागली तरी तलावांना परवानगी नव्हती. जून २०२० मध्ये वीरधवलने ट्विटरवर जाहीरपणे लिहिले, की आता निवृत्तीचा विचार करावा लागेल. स्पर्धात्मक जलतरणपटूंसाठी तलाव उघडायला ऑक्टोबर उजाडला. टोक्योला भारताकडून साजन प्रकाश, श्रीहरी नटराज आणि माना पटेल गेले. एकदा नोकरीने आणि एकदा साथीने, अशी दोनदा त्याची लय तुटली.

२०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ३२ वर्षांच्या वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण घेतले. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णही त्याच घरात गेले, त्याची पत्नी ऋजुता खाडे हिच्याकडे. ही आपली शेवटची राष्ट्रीय स्पर्धा, असे वीरधवलने तिथे सांगितले. या वेळी निरोपाची वेळ त्याने स्वतः निवडली होती.

नोकरी आणि खेळ एकत्र चालवणारी काही व्यवस्था आहे का?

आहे, आणि विरारकर रोज तिच्यातूनच प्रवास करतात. रेल्वे खेळाडूंना भरती करते तेव्हा त्यांच्याकडून पदाच्या कामाइतकीच रेल्वेच्या संघासाठी खेळण्याची अपेक्षा ठेवते. महिला बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचे वर्षानुवर्षे वर्चस्व आहे ते यामुळेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि नोकरीत असतानाच २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकला. रेल्वेतही बढतीवरून कुरबुरी असतात, पण सराव हा तिथे कामाचा भाग मानला जातो.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट नियुक्तीही मिळते. धोरण उदार आहे. फक्त ते खेळाडूची कारकीर्द संपल्यावरची सोय म्हणून शोभते. १९ व्या वर्षी पदक जिंकणाऱ्याला नोकरी देताना त्याच्या नियुक्तीपत्रातच सरावाची वर्षे आणि हजेरीची सवलत लिहिलेली असावी. प्रत्येक स्पर्धेच्या वेळी रजेचा अर्ज आणि वरिष्ठांची मर्जी यावर ते सोडू नये.

वसई-विरारच्या मुलामुलींसाठी याचा अर्थ काय?

मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेरघर नागपाडा. मस्तान वायएमसीएच्या कोर्टने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेता दिला. विरारच्या मुलीला तिथे संध्याकाळचा सराव करायचा, तर मुंबई सेंट्रलपर्यंत लोकल, गर्दीच्या उलट दिशेने का होईना, आणि परतीला विरार फास्टमध्ये उभे राहून तासाहून अधिक. दहावीपर्यंत आई-बाबा हे चालवून घेतात. दहावी-बारावीला खेळाडूंचे सवलतीचे गुण मिळतात आणि त्यानंतर अनेकांचे किटबॅग माळ्यावर जाते. हे लिहिणाऱ्याची बास्केटबॉलची ‘कारकीर्द’ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या सबमिशनमध्ये संपली. परतण्याचा प्रश्न आला नाही, कारण गेल्याचे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

तरीही पंचविशी-तिशीत पुन्हा उतरायचे असेल, तर वरच्या गोष्टींतून काही हाती लागते. पहिले दोन-तीन महिने दम आणि सांधे यांना द्यावेत, जुन्या वेगाची घाई करू नये. तपासणी करून घ्यावी, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर. थेट सामन्यात उतरून पाय मुरगळून घेण्यापेक्षा आधी त्या खेळाच्या हालचालींचा सराव करावा. जॉर्डनलाही एक उन्हाळा लागला. स्पर्धाही शोधाव्या लागत नाहीत. डिसेंबरअखेरीस वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावरचा कला-क्रीडा महोत्सव आहे, महापालिकेची मॅरेथॉन आहे. ॲथलेटिक्समध्ये ३५ वर्षांपासून ‘मास्टर्स’ गट सुरू होतो. जलतरणात तर २५ व्या वर्षापासूनच. जकार्तात २२.४७ सेकंदांची ती शर्यत पोहला, तेव्हा वीरधवल काही दिवसांनी २७ पूर्ण करणार होता.